दाबून धर, बघू नकोस

कुत्रा घेताना लोक जात बघतात, कान बघतात. नखं बघावीत हे मला कुणी सांगितलं नाही. आमच्या टिप्याची नखं काळीभोर. पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडे कापायचं. काळ्या नखात सगळा अंदाजपंचे कारभार.

गेल्या रविवारी अंदाज चुकला. टिप्याने पाय ओढून घेतला आणि फरशीवर टपाटप थेंब. नखाएवढ्या जागेतून एवढं रक्त येतं? आई हळदीचा डबा घेऊन धावली. माझे सगळे फुटलेले गुडघे तिने हळदीनेच बरे केलेत. पण मागच्या वेळी टिप्याने अर्धी हळद चाटली होती आणि उरलेल्या अर्धीचे पिवळे पंजे पांढऱ्या चादरीवर अजून आहेत. म्हणून या वेळी वाटीत कॉर्नफ्लोअर घेतलं, नखाचं टोक त्यात दाबलं आणि वरून स्वच्छ रुमाल धरला.

आता पाच मिनिटं. घड्याळ लावून. अवघड काय ते एवढंच. उपम्यावर झाकण ठेवलं तरी दोनदा उचलून बघणारा मी माणूस. इथे रुमाल उचलला की धरू लागलेली गुठळी निघते आणि मोजणी पुन्हा शून्यावर. "थांबलं का रे?" आई दर अर्ध्या मिनिटाला. "बघितलं नाही." "मग बघ की!"

कानाचं टोक फाटलं होतं तेव्हा याहून वाईट. जखम तिळाएवढी, पण टिप्या डोकं झटकायचा आणि भिंतभर शिंतोडे. कॅलेंडरवरची एक संकष्टी अजून तांबूस आहे. शेवटी जुन्या बनियनची पट्टी कानावरून डोक्याला बांधली, गळ्याशी दोन बोटं जातील इतकी सैल. दिवसभर तो वरपक्षाच्या मामासारखा फिरत होता.

तेव्हा डॉक्टरांनी माझी औषधाची पेटीच तपासली. स्पिरिट नको, हायड्रोजन पेरॉक्साइडही नको, जखम भरायची तर उलट पेशी जळतात. मीठपाण्याने धुवा, अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा एक छोटा चमचा मीठ. दुखतंय म्हणून आपल्यातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन तर अजिबात नाही. आणि दाबून धरूनही दहा मिनिटांत थांबलं नाही, तर उचलून आणा. गोचीडतापात प्लेटलेट्स उतरतात, मग साधं खरचटलेलंही वाहत राहतं. त्या दिवसापासून फिरून आल्यावर त्याच्या कानामागे, बोटांच्या बेचक्यात हात फिरवल्याशिवाय मी त्याला घरात घेत नाही.

पाच मिनिटं झाली. रुमाल हळूच सोडला. नखाच्या टोकाला पिठाची पांढरी टोपी, रक्त बंद. टिप्याने वास घेतला, चाटायला गेला, मी तोंड धरलं.

संध्याकाळी आईने सूप करायला घेतलं आणि स्वयंपाकघरातून हाक आली, "अरे, वाटीतलं कॉर्नफ्लोअर डब्यात परत ओतलंस का तू?"