नवीन किती मागवायच्या?

ठाण्याला गेले की मावश्या विचारतात, इथल्या गणपतीत भेटणारी मंडळी विचारतात, काउंटरवर येणारी कॉलेजची मुलंही विचारतात: नवा अल्बम तर गुरुवारी रात्री बाराच्या ठोक्याला फोनवर येतो, मग तुमच्या दुकानात कुठली रेकॉर्ड आणायची आणि किती आणायच्या, हे तुम्ही कसं ठरवता? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते. गिऱ्हाईक समोर असताना घाईत सांगण्यासारखं ते नाही.

इंग्लंडमध्ये लीड्सला असलेलं आमचं दुकान लहान आहे. मालक, मी आणि शनिवारी मदतीला येणारा एक मुलगा. जुन्या रेकॉर्ड मालक बघतात, नव्यांची खरेदी गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. अल्बम यायच्या सहा-आठ आठवडे आधी वितरकांच्या याद्या येतात. प्रत्येक अल्बमचं एक पान असतं: कव्हरचं चित्र, कौतुकाच्या चार ओळी, रेकॉर्डचा रंग आणि दर. एखाददुसरं गाणं ऐकायला मिळतं, कधी तेही नाही. तेवढ्यावर पुढे आकडा लिहायचा. शून्य, एक, तीन, दहा. माल आला की तो आपला. खराब निघाला तर बदलून मिळतो, पण खपला नाही म्हणून आम्हाला तो परत करता येत नाही.

आता पैशांचं सांगते, कारण ते कुणीच विचारत नाही. एक नवी रेकॉर्ड आम्हाला साडेसोळा पौंडांना पडली आणि सव्वीसला विकली, तर त्या सव्वीसातले चार पौंड तेहतीस पेन्स व्हॅटचे. हातात उरतात पाचेक पौंड, त्यातूनच भाडं, वीज, पगार. म्हणजे एक रेकॉर्ड मांडणीवर पडून राहिली की तीन विकून मिळवलेलं गेलं. त्यात हल्ली अल्बम लांबलेत. रेकॉर्डच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं चांगली बसतात, त्याहून जास्त कोंबलं की आवाज बारीक होत जातो. सत्तर मिनिटांचा अल्बम आला की दोन रेकॉर्ड लागतात, किंमत पस्तिशीच्या पुढे जाते आणि माझा आकडा पाचावरून दोनावर येतो. गाणी कितीही आवडली तरी.

सगळ्यात मोठी चूक मी एका फार मोठ्या नावाच्या बाबतीत केली. स्वतंत्र दुकानांसाठी म्हणून वेगळ्या रंगाची आवृत्ती निघणार होती, मी वीस मागवल्या. अल्बम निघाला त्याच शुक्रवारी एका सुपरमार्केटमध्ये साधी काळी आवृत्ती आमच्यापेक्षा सहा पौंडांनी स्वस्त होती. आमच्या सात गेल्या. तेरा रेकॉर्ड दीड वर्ष डोळ्यांसमोर होत्या. तेव्हापासून मोठ्या नावांना मी घाबरूनच आकडा लिहिते, आणि ते बरोबर आहे असंच मला वाटतं. ज्याला ती रेकॉर्ड हवी आहे त्याला ती पन्नास ठिकाणी मिळते. आम्ही उघडे आहोत ते बाकीच्या अल्बमांसाठी.

तरी आता माल वेळेवर तरी येतो. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बॅनिंगचा अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला. रेकॉर्डचा साचा करण्याआधी लॅकरचा, म्हणजे एका प्रकारच्या रोगणाचा, थर दिलेल्या ज्या चकतीवर आवाज कोरतात, ती चकती बनवणारे जगात मुख्य असे दोनच कारखाने होते. उरला फक्त जपानमधला. पाठोपाठ कोविड आला. अल्बम वसंतात फोनवर यायचा आणि रेकॉर्ड दिवाळीला. लोक पैसे भरून महिनोन्महिने थांबले, एकानेही परत मागितले नाहीत. त्या लोकांबद्दल मला जे वाटतं, ते साध्या कृतज्ञतेपेक्षा जास्त आहे.

खोकी गुरुवारी येतात. विकायचं मात्र शुक्रवारीच. १० जुलै २०१५ पासून जगभर नव्या अल्बमांचा वार शुक्रवार झाला, त्याआधी इथे सोमवार असायचा. मालकांच्या तोंडी अजूनही मधूनच सोमवार येतो. खोकं उघडताना पातं अगदी वरवर फिरवायचं, नाहीतर वरच्याच कव्हरवर चीर जाते. मग एकेक रेकॉर्ड उजेडाकडे धरून बघायची. कव्हरचे चारही कोपरे, कणा आणि विशेष करून वरची कड. प्रवासात खोकं आपटलं की आतली रेकॉर्ड सरकते आणि तिची धार कव्हरची कड आतून कापते, ब्लाउजची शिवण उसवावी तशी. बोटभर फाटलेलं असलं तरी गिऱ्हाईक घेत नाही. त्याचा फोटो काढून वितरकाला पाठवायचा. वीसात एखादी तरी अशी निघते.

आणि ‘नवीन’च्या कप्प्यात सगळंच नवीन नसतं. चरणजित सिंग हे मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदांतले वादक. १९८२ मध्ये त्यांनी सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. तेव्हा कुणी फारशी दखल घेतली नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती रेकॉर्ड पुन्हा काढली आणि अ‍ॅसिड हाऊस, म्हणजे नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक प्रकार, ऐकणारे थक्क झाले, कारण तसला आवाज शिकागोत निघाला तो त्यानंतर काही वर्षांनी. आमच्या दुकानात ती लावली की कुणीतरी हमखास विचारतं, हा कालचा अल्बम का? भूप आणि भैरव ऐकून इथली मुलं मान डोलावतात तेव्हा मला जो आनंद होतो तो लपवता येत नाही.

तर मूळ प्रश्न. मी आकडा लिहिते तेव्हा डोळ्यांसमोर माणसं असतात. लहानपणी बाबांबरोबर मी स्टेशनजवळच्या कॅसेटच्या दुकानात जायची. बाबा काही बोलायच्या आत दुकानदार काका खालून कॅसेट काढायचे, “तुमच्यासाठी बाजूला ठेवलीय.” बाबांनी मागितलेली नसायचीच. पण मागच्या महिन्यात बाबा कशावर काय बोलले, ते काकांना पाठ असायचं. माझी खरेदी तशीच चालते. ‘तीन’ म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर, विद्यापीठातली ती दोघं आणि पावसात हेल्मेट घालूनच आत येणारा सायकलवाला. नाव आठवलं नाही तर आकडा शून्य. आठवलं आणि दर जड वाटला, तरी एक मागवतेच.

या मार्चमध्ये अशीच एक मागवली. चर्चमधल्या जुन्या ऑर्गनवर एका बाईने एकटीने वाजवलेला अल्बम, गाणारं कुणी नाही. आमच्याकडे शुक्रवारी अकराला एक निवृत्त नर्स येतात. हिवाळ्यात त्या म्हणाल्या होत्या की लहानपणी चर्चमध्ये त्यांना प्रवचनापेक्षा ऑर्गनचा भाता श्वास घेतो तो आवाज आवडायचा. त्या एका वाक्यावर मी ती रेकॉर्ड मागवली. त्यांनी पहिली बाजू उभ्यानेच पूर्ण ऐकली, कव्हर हातात घेऊन. मग हळूच परत ठेवली आणि म्हणाल्या, “छान आहे. पण फार उदास आहे गं. आता घरी मी एकटीच असते.” हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

सात आठवडे ती मांडणीवर राहिली. मागच्या शनिवारी बाहेर पाऊस धरून होता, दुकानात चिटपाखरू नव्हतं, म्हणून मी ती लावली. पावसापासून आडोसा म्हणून एक मुलगा आत आला, असेल सोळा-सतरा वर्षांचा. पाठीवर दप्तर, केसांतून पाणी गळतंय. मी बाजू पालटली तरी तो दारापाशीच उभा होता. शेवटी काउंटरशी येऊन त्याने विचारलं, हे काय आहे, आणि केवढ्याला आहे. त्याच्या खिशात पाच पौंड होते. ते मी घेतले, चिठ्ठीवर त्याचं नाव आणि पुढे ‘उरले २१’ असं लिहिलं, चिठ्ठी कव्हरला लावली आणि रेकॉर्ड काउंटरखाली उभी करून ठेवली.