कितीला घेतली?

गौरी गेल्या. मखर अजून उतरवलेलं नाही, फराळाचे डबे ओट्यावर तसेच आहेत, आणि मी ते सगळं सोडून हे लिहायला बसलेय. कारण परवापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

सुमनमावशींनी काचेच्या कपाटातून मी जुळवलेलं मिनी मोटारीचं छोटं मॉडेल, माझी मिनी, उचलली, तळहातावर ठेवली, चष्मा वर सरकवून चारही बाजूंनी पाहिली आणि विचारलं, "कितीला घेतली गं?" त्याआधी मूर्तीचं हेच विचारून झालं होतं. समयांचं झालं, ओवीच्या परकराचं झालं. किंमत विचारणं ही त्यांची कौतुकाची रीत आहे, त्यात वाईट काहीच नाही. "विकत नाही हो, घरी केलीय," मी म्हटलं. "हो का? छान!" असं म्हणून त्यांनी गाडी जागेवर ठेवली आणि पानं वाढायला कुठवर आलीत ते बघायला आत गेल्या.

एवढंच. कुणी कुणाला दुखावलं नाही. तरी रात्री भांडी आवरताना ते लागलं, काल लागलं, आज सकाळी दूध तापवतानाही लागलं.

या मॉडेलचा डबा उघडला तेव्हा आत गाडी नव्हती. पॉलिस्टायरीनच्या चौकटी होत्या आणि चौकटींना लटकलेले भाग होते. वितळलेलं प्लास्टिक पोलादी साच्यात दाबाने भरतात. साच्याची दोन अंगं जिथे मिळतात तिथे प्रत्येक भागावर केसाएवढी रेघ उठते. भाग बाहेर ढकलणाऱ्या दांड्यांचे गोल ठसे आतून राहतात. जिथे प्लास्टिक जाड, तिथे थंड होताना ते आक्रसतं आणि वर खळगा पडतो. हे सगळं घालवायचं असतं. रेघ पात्याच्या पाठीने खरवडायची, खळगे पुट्टीने भरायचे, मग पाणी लावून घासायचा वॉटर पेपर. दोन हजार नंबरचा पेपर मी नाना पेठेतून आणते, तिथे सुटे भाग विकणारे काका दरवेळी विचारतात, "कुठली गाडी?" मी मिनी म्हणते. त्यांना ते पुरतं.

मिनीवर तर हे काम फारच जपून करावं लागतं. 1959 साली अॅलेक इसिगोनिस यांची ही गाडी बाजारात आली, तेव्हा ती स्वस्तात आणि सोप्या रीतीने बनावी म्हणून पत्र्यांचे काही जोड चक्क बाहेर ठेवलेले होते. दाराच्या पुढे एक उभी शिवण, मागच्या कोपऱ्यावर एक. बिजागऱ्याही बाहेर. म्हणजे मॉडेलवर साच्याची रेघ घालवायची आणि खऱ्या गाडीवर असलेली शिवण मात्र राखायची. पेपर सरसकट फिरवला तर दोन्ही जातात. मी तिथे पेपरची बारीक पट्टी कापून, काडीला चिकटवून, रेघेपुरतीच फिरवत होते. खोलीत दुसरा आवाज नसला की त्या घासण्याचा आवाज बदललेला कळतो. प्लास्टिक सपाट झालं की तो मऊ होतो.

आणि गोंद. या कामातला पातळ गोंद प्लास्टिक विरघळवतो, दोन भागांच्या कडा एकमेकींत मिसळतात आणि वाळल्यावर तो एकच भाग होतो. फटीला ब्रशचं टोक नुसतं टेकवलं की तो आपणहून आत धावतो. बोट त्या फटीवर असेल तर बोटाखालीही धावतो आणि प्लास्टिकवर तुमच्या बोटाचा ठसा रेषान्‌रेषा उमटतो. शाईने उमटवावा तितका स्पष्ट. असा ठसा दिसला की तो घासून काढायचा, हा नियम आहे. मी तो कायम पाळत आलेय.

इथेच माझं घोडं अडलंय. या कामात जे जे शिकायचं असतं, ते सगळं हात लपवायला शिकणं आहे. रंगही तसाच. दशांश मिलिमीटर असली मापं लोकांना हसू येईल इतकी लहान वाटतात, पण एकास चोवीस या प्रमाणात रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर झाला, तर खऱ्या गाडीवर तो सव्वादोन मिलिमीटरहून जाड झाला असता. दारांच्या फटी बुजतात, शिवण गोल होते आणि गाडी लगेच खेळणं दिसायला लागते. म्हणून पातळ हात मारायचे, वाळू द्यायचे, पुन्हा पातळ. छप्पर पांढरं, बाकी लाल. आधी पांढरा मारायचा, तो टेपने झाकायचा आणि मग लाल; उलट केलं तर खालचा लाल वरच्या पांढऱ्यात झिरपून गुलाबी छटा येते. आणि हे सगळं पाऊस लागायच्या आत. दमट हवेत लॅकर मारलं की त्यातलं थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि चकाकीच्या जागी दुधाळ ढग उरतो. मे महिनाभर बाल्कनी माझी होती. निखिलने कपडे बेडरूममध्ये वाळत घातले आणि एका शब्दाने काही म्हटलं नाही, हे इथे लिहून ठेवते.

मग शेवटी क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक थर, पॉलिश, आणि गाडी अशी दिसते की जणू कुणाचाच हात तिला लागलेला नाही. मग मावशींनी विचारलं ते बरोबरच विचारलं की. ब्रशचा एखादा फराटा दिसला असता, गोंदाचा ओघळ दिसला असता, तर "तू केलीस का गं?" असं आपसूक विचारलं असतं.

हे कळलं. कळून बरं वाटलं का? नाही वाटलं.

कारण मूर्ती. मूर्तीची किंमत विचारून झाल्यावर मावशी हात जोडून थोडा वेळ तशाच उभ्या होत्या आणि म्हणाल्या, "डोळ्यांची आखणी काय सुरेख केलीय." शाडूची मूर्तीही साच्यातूनच निघते. तिच्याही सांध्यांवरून ओल्या बोटाने हात फिरवतात, तिचीही रेघ घालवतात. पण डोळे शेवटी कुणीतरी श्वास रोखून हाताने काढलेले असतात आणि पाहणाऱ्याला ते कळतं. मावशींना तो हात दिसला. पेणच्या कुठल्या कारागिराचा, ते त्यांना ठाऊक नाही, तरी दिसला. माझा, त्यांच्यासमोर उभी असताना, नाही दिसला.

लिहिताना लक्षात येतंय की मला खरं तर याचंच वाईट वाटलंय. छंदाला कुणी पोरखेळ म्हटलं तर मी दुर्लक्ष करते, ते ऑफिसात रोजच चालतं. बाबा असते तर त्यांनी आधी गाडी उलटी करून खालची बाजू पाहिली असती. असो.

माझ्या गाडीत आखणी कुठे आहे, हे काल रात्री टॉर्च घेऊन बघत बसले. दारावरच्या 177 आकड्यात नाही, तो डिकल आहे, छापील, पाण्यात सोडून चिकटवलेला. आकडा रौनो आल्तोनेनच्या गाडीचा, ज्याने 1967 साली मिनीतून माँटे कार्लो रॅली जिंकली. त्याच्या आदल्या वर्षीही मिनी पहिल्या तीनही जागांवर आल्या होत्या, त्यातली एक याच आल्तोनेनची, आणि तिन्ही बाद ठरवल्या गेल्या. कारण काय, तर पुढच्या दिव्यांची मांडणी नियमात बसत नाही. बर्फातून सगळ्यांच्या पुढे यायचं आणि यादीत नाव नाही. हा डबा मी त्या गोष्टीपायीच घेतला होता. आता तिच्याबद्दल जास्त लिहित नाही, लिहिलं तर रडगाणं होईल.

दाराच्या आत मात्र एक दोरी आहे. त्या काळच्या मिनीत आतून दार उघडायला हँडल नव्हतं, दाराच्या आतल्या बाजूने एक दोरी ताणलेली असे, ती ओढायची. डब्यात ती नव्हती. मी बिघडलेल्या इअरफोनच्या वायरीतून तांब्याचा एक पदर काढला, काळा रंगवला आणि दारांच्या आतल्या अंगाला सुईने भोकं पाडून ओवला. किंचित सैल ठेवला, कारण वापरातली दोरी ताठ राहत नाही. त्यासाठी एक अख्खा रविवार गेला. आता काच बसली, छप्पर बसलं, आणि खिडकीला डोळा लावून उजेड नेमका पडला तरच तिची एक बाजू दिसते.

ती दोरी माझी आहे. नुसती मी लावली म्हणून नाही. ती किती सैल ठेवायची हे कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं, ते मी ठरवलं.

ती कुणाला दिसत नाही, हे मघापर्यंत मला तक्रारीसारखं वाटत होतं. लिहिता लिहिता तितकं वाटेनासं झालंय. साचे करणाऱ्यांचं काय? हा डबा बनवणारी कंपनी तामिया 1946 साली जपानच्या शिझुओकात लाकडाच्या धंद्याने सुरू झाली, मग लाकडी मॉडेलं आणि 1960 मध्ये प्लास्टिक. जुन्या काळी या उद्योगात आधी मोठ्या मापाचा नमुना हाताने कोरत आणि पॅन्टोग्राफ या नक्कल कोरणाऱ्या यंत्राने तो लहान करत पोलादात उतरवत. मिनीच्या बिजागऱ्या इतक्या नेटक्या आहेत की नखाने चाचपता येतात. त्या कुणी बसवल्या? नाव कुठेच नाही. मी ज्या रेघा खरवडते त्या त्यांच्या साच्याच्याच आहेत, आणि त्या बारीक आहेत म्हणून माझं काम निभतं. त्यांनाही कुणी विचारलं नसेल. विचारतात ते कितीला. मीही दुकानात तेच विचारलं होतं.

दुपारी मावशींचा फोन आला. त्यांच्याबरोबर आलेल्या ओमने घरी गेल्यापासून त्या लाल गाडीचा धोशा लावलाय. "कुठून आणलीस सांग ना, आणि कितीला पडते." या वेळी चिडायला झालं नाही. डब्याची किंमत सांगितली. रंगांची वेगळी सांगितली. मग म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत त्याला चार दिवस इकडेच पाठवा. त्या म्हणाल्या, "अगं, तुला कशाला त्रास?" आणि लगेच, "येईल, येईल."

तर आता ओमसाठी काय घ्यायचं ते बघायला हवं. आठ वर्षांच्या मुलाला एकदम पातळ गोंद आणि पातं नको. मिनी फोर डब्ल्यूडी नावाची छोटी खेळण्यातली गाडी चालेल, तिचे भाग दाबून बसतात, गोंद लागत नाही, मोटर असते, घरभर पळते. ओवीलाही हवी होईल, दोन घ्याव्या लागतील. निपर, म्हणजे भाग कापायची पक्कड, मात्र खेळण्यातला नको, धारेचा हवा; माझा जुना अजून चांगला चालतो, तो देईन त्याला. आणि भाग चौकटीतून पिळून तोडायचे नाहीत, कापायचे, तेही आधी जरा लांबून आणि मग लगत. हे त्याला डबा उघडायच्या आधीच सांगायचं. एकदा तोडायची सवय लागली की मग सुटत नाही.