नारूला औषध नव्हते

नारू या पिण्याच्या पाण्यातून होणाऱ्या कृमीरोगाचे नाव आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला चांगलेच ठाऊक होते. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. आफ्रिकेतील लढाई मात्र अजून चालू आहे, आणि माझ्या मते सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने ती बारकाईने अभ्यासावी. १९८६ साली या रोगाचे वर्षाला अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. २०२४ साली जगभरात १५ माणसांना नारू झाला. यावर ना लस आहे, ना रोग बरा करणारे औषध. नव्या विहिरी आणि तळ्यात टाकायचे अळीनाशक यांचा हातभार लागला हे खरे, पण मुख्य काम झाले ते लोकांनी आपल्या सवयी बदलल्यामुळे.

ते सोपे नव्हते. तळ्याच्या पाण्यातील सायक्लॉप्स नावाचा बारीक जलचर पोटात गेला की त्याच्यातील अळी शरीरात वाढते आणि सुमारे वर्षभराने, बहुतेक वेळा पायाच्या कातडीतून, दोऱ्यासारखा लांबलचक कृमी बाहेर येऊ लागतो. आग इतकी होते की माणूस थंडाव्यासाठी पाय पाण्यात बुडवतो आणि त्याच वेळी हजारो अळ्या तळ्यात सुटतात. गेल्या वर्षी प्यायलेल्या पाण्याचा आजच्या जखमेशी संबंध कोणाला कसा सुचावा? म्हणून गावातलेच स्वयंसेवक निवडले गेले, पाणी भरणाऱ्या बायकांच्या हाती घागरीच्या तोंडावर बांधायचे बारीक विणीचे कापड दिले गेले आणि गुराख्यांसाठी गळ्यात अडकवायची गाळणीची नळी आली. तळ्याचे पाणी काचेच्या भांड्यात घेऊन उजेडाकडे धरले की त्यात हलणारे ठिपके डोळ्यांना दिसतात. एवढ्याने जे पटते ते भाषणाने पटत नाही. १९९५ साली सुदानमध्ये यादवी पेटलेली असताना अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी मध्यस्थी करून काही महिन्यांचा युद्धविराम घडवला, तोही या कार्यकर्त्यांना गावांपर्यंत पोहोचता यावे म्हणून.

गोव्यातल्या आपल्या सत्तरी तालुक्यात २०१५ साली माकडताप हा गोचिडीतून पसरणारा आजार आला, तेव्हापासून लोकांच्या सवयी कशा बदलतात याचा मी विचार करते आहे. गोचीड चावू नये म्हणून काजूच्या बागेत जाण्यापूर्वी अंगाला तेल लावा, असे आरोग्यसेविका सांगत असत. आमच्या शेजारच्या वहिनी तेलाची बाटली घेत आणि फळीवर ठेवून देत. कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “बाय, तेलाच्या हातांनी बोंडू वेचले तर रसाला वास लागतो. मग तो घेणार कोण?” त्यांना आजाराची भीती होती, पण त्या हंगामाच्या कमाईवर घराचे पुढचे कितीतरी महिने अवलंबून होते. तेल पायांना आणि कपड्यांना लावून हात धुतलेले चालतील का, एवढे त्यांच्याशी बसून बोलायला कोणीच आले नव्हते.

पश्चिम आफ्रिकेतील इबोलाच्या साथीत, २०१४ ते २०१६ या काळात, ११ हजारांहून अधिक माणसे गेली. मृताला स्नान घालण्याच्या प्रथेतून संसर्ग पसरत होता. सुरुवातीला पथके येत, मृतदेह पिशवीत घालून घेऊन जात, आणि घरचे लोक मृत्यू लपवू लागले. पुढे पद्धत बदलली: नातेवाइकांना अंतरावरून अंत्यविधी पाहता येऊ लागला, इमाम किंवा पाद्री प्रार्थना म्हणू लागले, कबरीवर नाव लागू लागले. नियम तितकेच कडक राहिले, पण आता ते शोकात बुडालेल्या घराला पाळता येण्याजोगे झाले.

नारूच्या बाबतीत आफ्रिकेतील चाड या देशात सध्या अडचण कुत्र्यांची आहे, कारण त्यांनाही हा कृमी होतो. कुत्र्यांनी खाऊ नयेत म्हणून माशांची आतडी पुरा आणि बाधित कुत्रा बांधून ठेवा, असे सांगितले जाते, आणि कळवणाऱ्याला बक्षीसही मिळते. आयुष्यभर मोकळा सोडलेला कुत्रा बांधून घालायचा, तर त्याला रोज खायला आणि पाणी द्यावे लागते; ते काम घरातले कोण करणार, हे स्वयंसेवकाला प्रत्येक दारी जाऊन ठरवून घ्यावे लागते.