लिव्हर रायफली, केबिन आणि आमचं दुकान

आमच्याकडे येणारं निम्म्याहून अधिक काम एकाच प्रकारच्या बंदुकीचं असतं. आखूड नळीची लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल, म्हणजे चापाभोवतीची कडी खाली-वर केली की काडतूस बदलणारी, रानातल्या लाकडी घराच्या म्हणजे केबिनच्या दारामागे खुंटीला असणारी. दुकान अलास्कात, अँकरेजच्या उत्तरेला मॅट-सू खोऱ्यात आहे. इथल्या कितीतरी केबिनपर्यंत रस्ताच जात नाही. उन्हाळ्यात बोटीने किंवा पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जायचं, नदी गोठली की बर्फावर चालणाऱ्या स्नोमशीनवरून. तीन फुटांहून आखूड, अडीच किलोच्या आतबाहेरची, दोन्ही अंगांनी चपटी रायफल विमानाच्या सीटमागे सरकते, सरपण आणायला जाताना खांद्याला जड होत नाही, आणि डावखुऱ्यालाही चालते.

मी कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांवर हात बसला, पुढे टूलरूमच्या नोकरीने अमेरिकेत आलो. बंदुकीचं काम रीतसर शिकलो ते कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड स्टेट कॉलेजात. तिथे हा अभ्यासक्रम 1947 पासून चालतो. पहिलं प्रेम तिथेही कानशीवरच. उद्यमनगरातल्या फिटरला परकं वाटणार नाही. बायको हिशेब आणि नोंदवही सांभाळते, आणि नोंदवही म्हणजे अर्धा धंदा. फेडरल परवान्याशिवाय दुरुस्तीचं दुकान चालवताच येत नाही. सकाळी आलेली रायफल संध्याकाळी मालकाच्या हाती परत गेली तर ठीक. रात्रभर राहिली की नंबरासकट वहीत चढवायची, परत देताना उतरवायची. तपासणीला आलेला माणूस आमच्या लेथकडे ढुंकूनही पाहत नाही, थेट वही मागतो.

आमचा जम बसला त्यात मोठ्या कारखान्यांच्या पडझडीचा वाटा आहे. विंचेस्टर या बंदूक कंपनीचा न्यू हेवनचा कारखाना 2006 मध्ये बंद झाला. मार्लिन ही दुसरी बंदूक कंपनी रेमिंग्टनकडे गेली आणि 2011 मध्ये तिचाही नॉर्थ हेवनचा कारखाना बंद होऊन काम न्यूयॉर्क राज्यात इलियनला हललं. जुन्या रायफलींचे मालक तर जागच्या जागीच होते. वडिलांच्या, आजोबांच्या बंदुका घेऊन ते कुणाच्या दारात उभे राहणार? सुट्या भागांचा तुटवडा होता, म्हणून आम्ही लहानसहान भाग स्वतः करायला लागलो. स्क्रू, पिना, मॅगझीन ट्यूबमध्ये, म्हणजे काडतुसांच्या नळकांड्यात, काडतुसं ढकलणारे फॉलोअर. पहिली काही वर्षं दुकानाचं भाडं स्क्रूंवर निघालं असं म्हटलं तरी चालेल. या रायफलींच्या स्क्रूंना अरुंद खाच असते आणि घरोघरी पाचरीसारखा निमुळता स्क्रू-ड्रायव्हर असतो, त्यामुळे डोकी सोलवटलेले स्क्रू हे आमच्याकडचं बारमाही पीक.

आमच्या बाकावर सर्वांत जास्त येतो तो 1892 सालचा घाट, म्हणजे रायफलीच्या यंत्रणेची त्या सालची रचना. जॉन ब्राउनिंगने तो युटातल्या ऑग्डनमध्ये विंचेस्टरसाठी तयार केला. महिनाभरात करून देतो, उशीर झाला तर फुकट, अशी पैज त्याने लावली होती असं सांगतात. बोल्टच्या दोन्ही बाजूंना उभे सरकणारे दोन लॉक ही त्याची खुबी. एवढ्या बारीक अंगाच्या रायफलीत पुढे 1955 साली आलेलं .44 मॅग्नमसुद्धा मावलं ते या लॉकांमुळे. आज हा घाट ब्राझील, इटली आणि जपानात बनतो. स्वस्तातली रायफल बहुधा चांगल्या पोलादाची असते, फक्त आतल्या कडांवर कुणी वेळ घालवलेला नसतो. लोडिंग गेट, म्हणजे काडतुसं भरायची झडप, अंगठा सोलतो, लिव्हर करकरते, इजेक्टरची स्प्रिंग इतकी कडक की रिकामं काडतूस खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडतं. बर, म्हणजे कडांवरचे धारदार कंगोरे, काढायचे, घासणारे पृष्ठभाग दगडावर गुळगुळीत करायचे, स्प्रिंगा बेताच्या करायच्या. घोड्याची खाच मात्र आम्ही चाप हलका करण्यासाठी कधीच कोरत नाही. दारामागे टांगलेल्या बंदुकीला स्पर्धेतला चाप कशाला हवा?

मार्लिनच्या घाटाची गोष्ट निराळी. तिथे एक झीज इतकी ठरलेली आहे की धंद्यात तिला ‘मार्लिन जॅम’ असंच म्हणतात. लिव्हरची कड वर्षानुवर्षं कॅरिअरला, म्हणजे काडतूस वर उचलणाऱ्या भागाला, खालून घासते, तिथे खड्डा पडतो, कॅरिअर क्षणभर उशिरा उठतो, आणि तेवढ्यात मॅगझीनमधलं पुढचं काडतूस त्याच्या खाली घुसतं. मग लिव्हर ना वर जाते ना खाली. घरी जोर लावून उघडणाऱ्यांनी वाकवलेल्या लिव्हरी आम्ही पाहिल्या आहेत. उपाय म्हणजे लिव्हरची कड गोल करायची, आणि कॅरिअरच्या खड्ड्यात कडक पोलादाचा तुकडा बसवायचा किंवा कॅरिअरच बदलायचा. काम लहान, पण दोन काडतुसांमधली वेळ जुळवताना शंभर वेळा लिव्हर मारावी लागते, तीही बनावट काडतुसांवर.

केबिनसाठी म्हणून जे बदल करतो ते मोजकेच. नेम धरायला मागे छिद्राची पीप साइट, पुढे जाड पांढरी रेघ. माँटॅनातल्या सेंट इग्नेशियसमध्ये बनणाऱ्या स्किनर साइट मला आवडतात, कारण त्यात सैल होण्यासारखं फार काही नसतं. जाड हातमोजा घालून बोटं जातील इतपत मोठी लिव्हरची कडी. सिनेमात गरगर फिरवतात तसली कडी मागणारे येतात. ती स्लीपिंग बॅगपासून कोटाच्या खिशापर्यंत सगळ्यात अडकते, हे आधी दाखवतो. दस्ता थंडीतल्या जाड कपड्यांचा विचार करून थोडा आखूड. नळी कापायची असेल तर कायदा पक्का आहे: रायफलीची नळी 16 इंचांपेक्षा किंवा एकूण लांबी 26 इंचांपेक्षा कमी झाली की 1934 च्या कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते. आम्ही साडेसोळाला थांबतो. 2026 च्या जानेवारीपासून या नोंदणीवरचा 200 डॉलरचा कर शून्य झाला, तेव्हापासून ‘आता कापता येते ना?’ असे फोन वाढलेत. कर गेला, परवानगी आणि नोंदणी आहे तिथेच आहे.

खरा शत्रू मात्र हवामान. उणे 30 अंशांना साधं तेल मधासारखं घट्ट होतं. घोडा पडतो, पण फायरिंग पिनला हवा तसा ठोका बसत नाही. त्यामुळे ऑक्टोबरात आम्ही रायफली पूर्ण उघडून तेल काढतो, जेमतेम हात फिरवल्याइतकं थंडीचं तेल ठेवतो. दुसरं, बाहेरून आणलेली गार रायफल चुलीशेजारी ठेवली की क्षणात घामेजते. ओल बोल्टच्या आत शिरते, आणि रात्री परत बाहेर नेली की गोठते. म्हणून थंडीत तिची जागा बाहेरच्या बिनशेकोटीच्या पडवीत, कुलपाच्या कपाटात. फोमच्या खोक्यात तर हिवाळाभर ठेवूच नये. फोम ओल धरून बसतो आणि वसंतात नळीवर गंजाचे ठिपके दिसतात. उंदीर चामड्याचा पट्टा खातात. साळिंदराला घामाच्या मिठाची चटक असते, तो दस्ता कुरतडतो. अशा दस्त्यांवर जोडकाम करण्यात आमचा हात आता बरा बसलाय.

कोल्हापूरहून फोन आला की नातेवाईक हमखास विचारतात, अस्वलं मारायला का या बंदुका? नव्या केबिनवाल्याला आम्ही आधी अस्वलावर मारायचा मिरचीचा स्प्रे घ्यायला सांगतो, कचरा आणि मासे नीट झाकायला सांगतो. जिवावर बेतलं म्हणून अस्वल मारलं, तरी त्याचं कातडं आणि कवटी राज्याच्या वन्यजीव खात्यात जमा करावी लागते, लेखी हकिगत द्यावी लागते. मिरवण्यासारखं काही उरत नाही. तरीही .45-70 काडतुसाच्या आखूड रायफलींचं काम सतत येतं. ते काडतूस अमेरिकी सैन्याने 1873 साली घेतलं होतं, आणि इथल्या नदीकाठी अजून त्यावरच लोकांचा भरवसा आहे.

मार्लिन 2020 मध्ये रुगरने विकत घेतली आणि 2021 च्या अखेरीस नवा माल बाजारात आला. काम कमी होईल असं वाटलं होतं. झालं उलटंच: नवी घेणाऱ्यांना घरातली जुनीही नीट करून हवी असते. आता लेथवर एक स्थानिक मुलगी शिकतेय, आणि स्क्रूंचं काम मी तिच्यावर सोडलंय.

सध्या बाकावर 1970 च्या दशकातली एक विंचेस्टर 94 आहे. मालकाला ती वडिलांच्या वेळी होती तशी काळीभोर हवी. त्या काळच्या रिसीव्हरचा, म्हणजे यंत्रणा बसते त्या मधल्या सांगाड्याचा, मिश्रधातू नेहमीचं गरम ब्लूइंग, म्हणजे पोलाद काळं करायची प्रक्रिया, धरत नाही, जांभळट पडतो, हे त्याला फोनवर सांगितलंय. भट्टीत भाजलेल्या कोटिंगचे दोन नमुने टपालाने पाठवलेत. त्याचं उत्तर आलं की काम पुढे सरकेल.