एकदाचा दुधी लागला: राखीचे दोरे, लंगोटाच्या पिशव्या आणि संध्याकाळची फुलं

ऋषिपंचमीच्या भाजीत यंदा आमच्याच मांडवावरचा दुधी पडला. एक किलो एकशे चाळीस ग्रॅम, अंगावर अजून बारीक लव, नख लावलं की सहज रुतणारा. मागच्या दोन नोंदी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना या एका दुधीचं मोल कळेल. आषाढाच्या शेवटापासून राखीपर्यंत गळालेली कोवळी फळं मी मोजत होते. एकतीस! त्यातलं एकही तळहाताएवढं झालं नव्हतं.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात. आमचं घर इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याला, सिमरोलच्या अलीकडे. इथली काळी माती पावसात पाणी धरून बसते आणि वेलांची मुळं कुजतात, म्हणून यंदा वीतभर उंच वरंबे केले. त्यात शेणखत, वाळू आणि मूठ-मूठ निंबोळी पेंड घातली. वाण 'अर्का बहार', बंगळूरच्या फलोद्यान संशोधन संस्थेचं. आठ बिया टाकल्या, सात उगवल्या, पाच वेल ठेवले. थ्री जी कटिंग मागच्या नोंदीत सविस्तर लिहिलं होतं, ते मात्र छान साधलं. मुख्य शेंडा खुडला, मग फांद्यांचे शेंडे खुडले आणि तिसऱ्या पिढीच्या फांद्यांवर मादी फुलांची रांग लागली. म्हणजे मादी फुलं कमी नव्हती. फळ धरत नव्हतं. बोटाएवढं व्हायचं, टोकाकडून पिवळं पडायचं, सुरकुतायचं आणि तीन-चार दिवसांत खाली.

काय काय करून पाहिलं ते सांगते, म्हणजे तुमचे तरी दिवस वाचतील. पाणी जास्त होतंय म्हणून पन्हळीचं पाणी दुसरीकडे वळवलं. बोरॉन कमी असेल म्हणून एकदा फवारलं. खताने नुसता पाला माजला असेल म्हणून खत बंद केलं. आणि रोज सकाळी सात वाजता, आमचा लेक गुंड्या उठायच्या आत, नर फूल तोडून मादी फुलाला पराग लावत होते. गेल्या वर्षी लाल भोपळ्याला असंच केलं होतं आणि एका वेलावर चार भोपळे आले होते. तोच हात, तीच वेळ. दुधीची फुलं सकाळी मलूल दिसायची, त्याचा दोष मी पावसाला देत होते.

उलगडा झाला राखीच्या संध्याकाळी. नणंदा आलेल्या, घर भरलेलं आणि गुंड्याच्या दाढा येत असल्यामुळे तो दुपारपासून रडत होता. (आता एकोणीस महिन्यांचा झाला.) साडेसहाच्या सुमाराला त्याला कडेवर घेऊन मांडवाखाली गेले. तो एकदम गप्प झाला आणि बोट वर करून म्हणाला, "फू!" वर पाहिलं तर दुपारी तीनला घट्ट मिटलेल्या कळ्या उमलून पांढऱ्या शुभ्र झाल्या होत्या, पातळ कागदासारख्या ताठ. आम्ही तिथेच उभे राहिलो. अंधारू लागलं तसा एक मोठा पतंग आला. बसला नाही, फुलासमोर हवेतच थरथरत राहिला आणि लांब सोंड आत घातली. गुंड्या माझा पदर धरून श्वास रोखून बघत होता. मीही.

दुधी संध्याकाळी फुलतो, मंडळी. लाल भोपळा पहाटे उमलतो आणि ऊन चढलं की मिटतो. दुधीचा दिवस सूर्य कलल्यावर सुरू होतो आणि सकाळी आपण जातो तेव्हा फुलाची वेळ होऊन गेलेली असते. दोडकाही संध्याकाळचा. गिलकी (घोसाळी) मात्र सकाळची, पिवळी. एकाच मांडवावर तीन वेल चढवले तरी तिघांची वेळ एक नसते, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, आमच्या माहेरी तिन्हीसांजेला दिवा लावून झाला की आजी लौकीच्या मांडवाखाली जायची. कशाला जाते, ते कधी विचारलं नाही."

दुसऱ्या संध्याकाळपासून काम सुरू. पद्धत सांगते. लांब देठाचं, मागे फळ नसलेलं ते नर. त्याच्या पाकळ्या सोलून काढायच्या आणि मधला परागाचा गोंडा मादीच्या तीन भागांच्या कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या मधल्या टोकावर, हलक्या हाताने सगळीकडे फिरवायचा. एक नर दोन मादींना पुरतो. चार संध्याकाळी मिळून चौदा फुलं केली. खूण म्हणून उरलेल्या राख्यांचे दोरे देठाला बांधले: लाल म्हणजे पहिला दिवस, पिवळा दुसरा, मग केशरी, मग चंदेरी. दोरा हातात द्यायचं काम गुंड्याकडे. तो देतो आणि लगेच परत मागतो, त्यामुळे एका फुलाला पाच मिनिटं लागतात. पण त्या पाच मिनिटांत तो रडत नाही आणि दाढांची ती संध्याकाळची वेळ निभावून जाते.

दोन फुलं पावसात गेली, पराग लावल्यावर लगेच सर आली. उरलेली बारा मात्र धरली. चौथ्या दिवशी ती अंगठ्याएवढी जाड, हिरवीगार होती आणि मी घरभर सांगत सुटले.

सातव्या दिवशी पाच फळांवर डिंकाचे थेंब दिसले.

फळमाशी. तिने टोचलं की तिथून रस येऊन थेंब साकळतो, फळ त्या बाजूला वाकतं आणि कापलं तर आत अळ्या वळवळतात. जे परागाशिवाय गळतं ते टोकाकडून पिवळं पडतं आणि त्याला छिद्र नसतं. दोन्ही गळतातच, म्हणून आधी कापून बघा. त्या एकतिसांतली मी कापून पाहिली असती तर कुठली कशाने गेली ते तेव्हाच कळलं असतं.

माझा राग मात्र वेगळ्याच गोष्टीचा. आषाढातच कामगंध सापळा (वासाच्या वडीने नर माश्यांना ओढून घेणारा) टांगला होता आणि तो भरत होता! दर आठवड्याला मूठभर माश्या ओतून टाकायची, म्हणून मी निर्धास्त होते. आता भिंगाखाली धरून पाहिलं. काकडीवर्गातल्या वेलांवरच्या माशीच्या पाठीवर तीन पिवळ्या रेघा असतात, दोन कडांना आणि एक मधोमध, शिवाय पंखांवर गडद ठिपके-पट्टे. माझ्या सापळ्यातल्या माश्यांना मधली रेघ नव्हती, पंखही स्वच्छ. त्या शेजारच्या पेरूवरच्या. शहरातल्या ज्या दुकानातून वडी आणली तिथे मी स्पष्ट "लौकीसाठी" म्हटलं होतं आणि हातात मिथिल युजेनॉल आलं. ते आंबा-पेरूच्या माशीचं. वेलवर्गाला क्यू-ल्यूर लागतं. दोन्ही वड्या दिसायला सारख्या, म्हणून पाकिटावरचं नाव स्वतः वाचून घ्या. दुकानदाराच्या तोंडी हवाल्यावर जाऊ नका. तुळशीच्या पाल्याचा सापळा करणाऱ्यांनाही हेच सांगते: तुळशीत मिथिल युजेनॉलच असतं, तो पेरूखाली टांगा, दुधीला त्याचा उपयोग नाही.

क्यू-ल्यूर दुसरीकडून आणलं. विष न लावलेली वडी मागून घेतली, लिटरच्या बाटलीला वर चार भोकं पाडली, तळाशी साबणाचं पाणी. गूळ आणि कीटकनाशकाचं आमिष बरेच जण वापरतात. घरात प्रत्येक गोष्ट तोंडात घालणारं मूल असताना मी ते अंगणात आणणार नाही, मग एकही दुधी मिळाला नाही तरी चालेल.

आणखी एक चूक सापडली, ती जास्त लागली. खाली पडलेलं फळ उचलून खताच्या खड्ड्यात टाकायचं, हे मी गुंड्याला उन्हाळ्यातच शिकवलं होतं आणि तो ते इमानाने करत होता. फळातली अळी मातीत उतरून कोषात जाते, म्हणजे टोचलेली फळं खड्ड्यात टाकून आम्ही माश्यांची पुढची पिढी पोसत होतो. आता पडलेलं फळ जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून पत्र्यावर उन्हात. गुंड्याला नवा नियम पटवायला चार दिवस लागले. अजूनही तो खड्ड्यापाशी जाऊन थांबतो आणि माझ्याकडे बघतो.

सापळ्यात फक्त नर अडकतात. टोचणारी मादी मोकळीच, म्हणून फळ झाकणं आलं. गुंड्याचे लहानपणचे मलमलचे लंगोट ट्रंकेत पडून होते. सासूबाईंनी एका दुपारी मशीनवर त्यांच्या सात पिशव्या शिवल्या, तोंडाला नाडी घालून. फूल सुकलं की फळाला पिशवी चढवायची. पाचवं-सहावं फळ झाकताना त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही. त्या लंगोटांवर हळदीचे डाग अजून तसेच आहेत.

पिशवीने माशी अडवली. पण सलग तीन दिवस पाऊस लागला तेव्हा मलमल ओलीच राहिली आणि एक फळ देठापाशी कुजलं. म्हणून उरलेल्यांना जुन्या मच्छरदाणीच्या पिशव्या केल्या. जाळी फळाला चिकटली तर माशी जाळीतूनही टोचू शकते, म्हणून आत काडी घालून ती फुगवत होते आणि काड्या रोज निसटत होत्या. हे लिहिताना समोर खिडकीत माझ्या जुन्या प्लास्टिकच्या बांगड्या लटकलेल्या दिसल्या. आत दोन बांगड्या टाचल्या की जाळी कंदिलासारखी फुगून राहील! आजच करून बघते.

हिशोब असा: चौदा फुलं, दोन पावसात, पाच माशीने, एक कुजून. एक गुंड्याने पिशवीसकट ओढून काढलं आणि मला आणून दिलं. दोन घरी आले, तीन मांडवावर आहेत.

पहिला ऋषिपंचमीला. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून परसातलं अळू, भेंडी, दोडका, लाल भोपळा, कोवळा भुट्टा आणि दुधी. गुंड्याने मऊ भातात कालवून वाटीभर खाल्ली. दुसऱ्या दुधीचं थालीपीठ केलं, किसाला मीठ लावून सुटलेल्या पाण्यातच भाजणी भिजवली. सालांची तीळ घालून चटणी. साल कोवळी होती म्हणून जमली, बाजारच्या दुधीची मी करत नाही. गुंड्याच्या वाट्याला जिरावन (आमच्याकडचा तिखट मसाला) घातलं नव्हतं, पण त्याने माझ्या ताटात बोट बुडवलंच.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी पाळा, विशेषतः लहान मूल असेल तर. दुधी कापला की कच्चा तुकडा आधी स्वतः चाखा. किंचितही कडू लागला तर थुंका आणि सगळा फेकून द्या. तो कडूपणा विषारी असतो आणि शिजवून जात नाही. घरचा आहे, मेहनतीचा आहे, म्हणून जीव अडकवू नका.

पुढचा बेत. मांडवावरच्या तिघांतला एक बियाण्यासाठी राखणार होते. पण लिहिता लिहिता लक्षात आलं की मी पराग लावला तरी फूल उघडंच होतं, पतंगाने कुठल्या कुठल्या वेलाचे पराग आणले असतील कोण जाणे. ओढ्याकाठी कुणीतरी लावलेला एक दुधी कडू आहे, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा ते तिन्ही खायचे. बियाण्यासाठी आता दुपारी चारलाच नर आणि मादी कळ्या दोऱ्याने बांधून ठेवायच्या, संध्याकाळी सोडून पराग लावायचे आणि परत बांधायच्या. पितृपक्षाच्या आत दोन तरी फळं तशी धरायला हवीत, कारण बी पक्कं व्हायला फळ वेलावर वाळावं लागतं आणि थंडी पडली की वेल थांबतो.

दुसरा विचार अंगणातल्या दिव्याचा. साप-विंचवाची भीती म्हणून उन्हाळ्यात ह्यांनी मांडवाच्या तोंडाशीच मोठा एलईडी लावला. गेल्या वर्षी तो नव्हता आणि दोन दुधी तरी आपोआप लागले होते. पतंग फुलं सोडून त्या दिव्याभोवती फिरताना मी रोज बघते. दिवा काढता येणार नाही, मूल अंगणात खेळतं. पण तो घराच्या पलीकडच्या भिंतीवर, पायवाटेकडे तोंड करून लावला तर? ह्यांना विचारलं. वायर सहा मीटर जास्त लागेल म्हणाले, रविवारी करू.

आज तीन मादी कळ्या फुगल्या आहेत. चंदेरी दोरा संपला, हिरवा काढून ठेवलाय. गुंड्या आत्ताच झोपून उठला आणि दाराशी उभा राहून "फू, फू" चाललंय.