पेनड्राइव्हवरून बूट होईपर्यंत

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची ठरवली. तिची आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलेशन डिस्कची जशीच्या तशी प्रत, डाउनलोड केली आणि ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर सरळ कॉपी केली. लॅपटॉप सुरू केला, तर बूट करण्यासारखं, म्हणजे ज्यावरून सुरू होता येईल असं, काही सापडत नाही म्हणाला. ते बरोबरच होतं. आयएसओमध्ये डिस्कची पूर्ण मांडणी बूटलोडरसकट (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) बांधलेली असते. ती नुसती फाइल म्हणून ठेवली तर मशीनच्या लेखी तिच्यात आणि एखाद्या व्हिडिओत काही फरक नसतो. तिच्यातला मजकूर थेट डिस्कवर, पहिल्या बाइटपासून लिहावा लागतो.

मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर असं थेट लिहिणारी डीडी कमांड वापरली, आणि माझा बराचसा वेळ इथेच गेला. कमांड काही तक्रार न करता पूर्ण व्हायची, बूट मात्र होईना. पोर्ट बदललं, पेनड्राइव्ह बदलला, सिक्युअर बूटही (फक्त विश्वासार्ह सही असलेलं सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सुरक्षा सोय) बंद करून पाहिलं. शेवटी टर्मिनलमधली ओळ अक्षर अन् अक्षर वाचली. अख्ख्या पेनड्राइव्हचं नाव होतं ‘एसडीबी’, आणि मी त्याऐवजी ‘एसडीबी१’वर लिहीत होतो! तो १ म्हणजे पहिलं पार्टिशन, डिस्कचा पहिला कप्पा. तिथून लिहायला सुरुवात केली की डिस्कच्या अगदी आरंभी लागणारा बूटचा भाग आणि पार्टिशनची नोंद जागेवर पोचतच नाही. सिक्युअर बूट पुन्हा चालू केलं, त्याचा काही संबंध नव्हता. एक मात्र कळकळीने सांगतो, या कमांडमध्ये चुकीच्या डिस्कचं नाव गेलं तर त्या डिस्कवरचा डेटा जातो. मी दर वेळी आधी डिस्कची यादी काढून आकार बघतो आणि मगच एंटर दाबतो.

‘एसडीबी’वर लिहिल्यावर आता मेन्यू आला, पण इन्स्टॉलेशन अर्ध्यावर फाइल वाचता येत नाही म्हणून थांबू लागलं. डाउनलोड खराब असेल असं वाटलं. फाइलचा शा-२५६, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढून त्याची ६४ अक्षरं अधिकृत नोंदीशी ताडली, तर तंतोतंत जुळली. म्हणजे फाइल चांगली होती, बिघाड पेनड्राइव्हवर उतरताना होत होता. आयएसओच्या लांबीइतकाच भाग पेनड्राइव्हवरून परत वाचून मूळ फाइलशी पडताळला, तेव्हा शेवटाकडे फरक सापडला.

कारण माझी घाई. कमांड संपल्यासारखी दिसते तेव्हा बराच डेटा अजून मेमरीतच असतो, पेनड्राइव्हवर सावकाश उतरत असतो, आणि मी तो लगेच उपटून काढत होतो. या वेळी डीडीला ‘एफसिंक’चा पर्याय जोडला, म्हणजे सगळा डेटा पेनड्राइव्हवर उतरेपर्यंत कमांड संपत नाही. कर्सर कितीतरी वेळ नुसता लुकलुकत राहिला, हात आवरून बसलो. मग पुन्हा पडताळणी केली, एका बाइटचाही फरक नाही.

लॅपटॉपला लावला, आणि इन्स्टॉलेशन न अडखळता शेवटपर्यंत गेलं.