झऱ्याचा रंग

सकाळी साडेसातला तळ्याच्या मालकांचा फोन आला, तेव्हा त्यांच्या आवाजात घबराट नव्हती. उलट थोडे समाधानच होते. बांधाच्या पायथ्याशी वर्षानुवर्षे ठिबकत असलेला झरा आता चांगला वाहू लागला आहे, ते पाणी गुरांच्या हौदात सोडता येईल का, एवढेच त्यांना विचारायचे होते. मी पाण्याचा रंग विचारला. "जरा मातकट आहे, पण होईल साफ," ते म्हणाले. झऱ्याच्या तोंडात कोणालाही काही कोंबू देऊ नका आणि बांधाखाली कोणाला थांबू देऊ नका, असे सांगून मी निघालो.

तो झरा माझ्या परिचयाचा होता. दोन वर्षांपूर्वी त्याच बांधाच्या पाहणीत मी माझ्या वहीत 'पाझर किरकोळ, पाणी स्वच्छ, लक्ष ठेवावे' असे लिहून ठेवले होते. लक्ष ठेवावे म्हणजे कोणी, किती दिवसांनी आणि नेमके काय मोजावे, यातले काहीच मी लिहिले नव्हते. मातीच्या बांधातून थोडे पाणी पाझरतेच. पाझर अजिबात नसलेला बांध मी आजवर पाहिलेला नाही. प्रश्न असतो तो पाणी येताना सोबत माती आणते का, हा.

बांध सर्वांत खोल जागी सहा मीटर उंच, मागे सुमारे सहा हजार चौरस मीटरचे तळे. आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे मोठे धरण म्हणजे १५ मीटर किंवा त्याहून उंच, अथवा ५ ते १५ मीटर उंचीचे पण ३० लाख घनमीटरांहून अधिक पाणी अडवणारे. हे तळे त्या मापाच्या जवळपासही येत नाही. अशा खासगी बांधांची पाहणी बहुतेक वेळा मालकाच्या मर्जीवरच होते. मात्र एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन भरते, आणि या तळ्यात बारा हजार घनमीटरांच्या आसपास पाणी होते. ते एका तासात खाली आले, तर वाटेतल्या माणसाला व्याख्येचा काही उपयोग नसतो.

पोहोचलो तेव्हा झरा बोटभर जाड धारेने, तळ्यातून शेताकडे जाणाऱ्या जुन्या लोखंडी पाइपाच्या अगदी कडेने बाहेर पडत होता. दहा लिटरची बादली वीस सेकंदांत भरली, म्हणजे तासाला १,८०० लिटर. धारेच्या तोंडाशी बारीक वाळूचा, मुंगीच्या वारुळासारखा गोल उंचवटा तयार झाला होता आणि त्याच्या मधोमध पाणी उकळल्यासारखे हलत होते. मी पारदर्शक काचेच्या दोन बाटल्या भरल्या, एक झऱ्याच्या पाण्याची आणि दुसरी तळ्याच्या पाण्याची. ही तुलना करणे आवश्यक असते, कारण पावसाने तळेच गढूळ झालेले असेल, तर पाझरही गढूळ दिसू शकतो आणि बांध मात्र धडधाकट असतो. तळ्याची बाटली नितळ होती. झऱ्याच्या बाटलीत पाचेक मिनिटांत तळाशी नखाएवढा जाड थर बसला. तो चिमटीत चोळला तेव्हा आधी खरखरीत आणि मग गुळगुळीत लागला; वाळू आणि बारीक माती दोन्ही होती. बांध आतून पोखरला जात होता.

याला आमच्या धंद्यात पायपिंग म्हणतात. पाणी मातीचे कण बाहेर नेते, कण गेलेल्या जागी पोकळी होते, आणि ती पोकळी झऱ्याच्या तोंडापासून उलट दिशेने तळ्याकडे सरकत जाते. जसजशी ती लांबते, तसतशी उरलेली वाट आखूड होते, त्यामुळे पाण्याचा जोर वाढतो आणि माती आणखी वेगाने जाते. अमेरिकेतील टीटन हे ९० मीटरांहून उंच धरण ५ जून १९७६ रोजी असेच गेले. त्या दिवशी सकाळी सातनंतर गढूळ गळती दिसली आणि दुपारी बाराच्या आत धरण फुटलेले होते. तिथे यंत्रे होती, अभियंते हजर होते. आमच्याकडे किती तास आहेत हे मला सांगता येत नव्हते, आणि रात्री जोराच्या पावसाचा अंदाज होता.

मालकांनी तोवर चिकणमातीची ट्रॉली मागवून ठेवली होती. भोकावर माती दाबून बसवायची, की झाले, असे त्यांचे म्हणणे. बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा हेच येते आणि त्यात त्यांची चूक म्हणवत नाही. बादलीला भोक पडले तर आपण तेच करतो. परंतु बांधाच्या बाहेरच्या अंगाने वाट बंद केली, की आतल्या पाण्याचा दाब तसाच राहतो आणि ते शेजारून दुसरीकडे फुटते. करायचे असते ते नेमके उलट, म्हणजे पाण्याला जाऊ द्यायचे आणि मातीला अडवायचे. त्यांच्या आवारात बांधकामासाठी आणलेली जाडी वाळू आणि खडी पडलेली होती, हे नशीबच. प्रथम धारेचा जोर मोडण्यापुरती थोडी खडी टाकली, नाहीतर वाळू पडताक्षणी वाहून जाते. मग वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी आणि शेवटी वजनासाठी दगड. त्याभोवती वाळूच्या पोत्यांचे कडे करून आतले पाणी हातभर उंच तुंबू दिले, म्हणजे तळे आणि झरा यांच्या पातळीतला फरक तेवढा कमी होतो.

मग पाणी उतरवण्याचा विषय निघाला आणि मालक पहिल्यांदा रागावले. "साहेब, तळे रिकामे करायचे असेल तर मग तुम्हाला बोलावले कशाला?" उन्हाळी पीक याच पाण्यावर, गुरे याच पाण्यावर, खालच्या दोन विहिरी याच तळ्याच्या पाझरावर टिकून, आणि वाढलेले मासे दोन महिन्यांत काढायचे होते. त्यांच्या रागात तथ्य होते. रिकामे नको, आज फक्त एक मीटर उतरवू, असे मी म्हणालो. पोकळीतला दाब कमी होतो आणि पावसाच्या पाण्याला जागाही मिळते. एकदम सगळे पाणी काढता येत नाही, याला आणखी एक कारण आहे. तळ्याकडचा उतार पाण्याने तुडुंब भिजलेला असतो. बाहेरचे पाणी झपाट्याने गेले, की त्याचा आधार जातो, आतले पाणी मात्र मातीतच राहते आणि तो उतार घसरू शकतो. एरवी मी दिवसाला ३० सेंटीमीटरांच्या पुढे जात नाही. त्या दिवशी गेलो, मात्र दर तासाला माथ्यावर भेगा पडताहेत का हे पाहण्यासाठी एक माणूस उभा केला.

पाइपाचा व्हॉल्व्ह गंजून जाम झाला होता, म्हणून १५ सेंटीमीटर व्यासाच्या दोन नळ्या माथ्यावरून टाकून सायफन लावला. नळी पाण्याने पूर्ण भरून घेतली आणि हवा आत शिरू दिली नाही, तर पाणी स्वतःच माथा चढून पलीकडे उतरते, पंप लागत नाही. दोन्ही मिळून सेकंदाला सुमारे १०० लिटर, म्हणजे ३० सेंटीमीटर उतरायला पाच तास. नळ्यांची तोंडे पायथ्यापासून लांब दगडांवर सोडली, कारण एवढी धार मोकळ्या मातीवर सोडली असती तर तिनेच बांधाचा पायथा खणला असता.

पाणी चालू झाल्यावर सांडव्याकडे गेलो आणि खरे सांगायचे तर झऱ्यापेक्षा तिथे अधिक धास्ती वाटली. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडावर बारीक जाळी ठोकलेली होती आणि ती पालापाचोळ्याने निम्मी बुजली होती. रात्री पूर आला असता, तर पाणी सांडव्याऐवजी माथ्यावरून उलटले असते, आणि मातीचा बांध ते फार वेळ सोसत नाही. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील साउथ फोर्क धरण एका खासगी क्लबच्या मालकीचे होते. तिथेही माशांसाठी सांडव्यावर जाळ्या होत्या, तळाचे पाइप आधीच काढून टाकलेले होते आणि वाहने जावीत म्हणून माथा खाली घेतलेला होता. ३१ मे १८८९ रोजी ते फुटले आणि खालच्या जॉन्सटाउन परिसरात २,२०९ माणसे मेली. मी ही हकिकत सांगत असतानाच मालकांच्या मुलाने पहार घेतली आणि जाळी उखडली. त्याचे वडील काही बोलले नाहीत.

बांधाखाली तीनशे मीटरवर मजुरांची दोन घरे होती. ती मंडळी संध्याकाळी वरच्या गोदामात झोपायला आली, थोडी कुरकुर करत, पण आली. मी रात्रभर दर अर्ध्या तासाला बाटली भरत होतो. साडेदहाच्या बाटलीत थर दिसतच होता, साडेबाराच्या बाटलीत मोजकेच कण, आणि तीन वाजता टॉर्चच्या उजेडात बाटलीतून मला माझी बोटे स्पष्ट दिसली. धार निम्म्यावर आली होती. पाऊस पडला, सांडवा कोरडाच राहिला.

तीन आठवड्यांनी, तळे सावकाश आणखी उतरवून, आम्ही तो पाइप खोदून काढला. त्याचा व्हॉल्व्ह बाहेरच्या टोकाला होता, त्यामुळे बांधाच्या पोटातला पाइप सदैव दाबाखाली असे. एक जोड गंजून फाटला होता आणि तिथून सुटलेल्या पाण्याने पाइपाखालची माती धुऊन नेली होती. पाइपाच्या पोटाखाली माती नीट ठोकली जात नाही, रोलर तिथे पोहोचतच नाही. मालकांनी त्या पोकळीत हात घातला, तो कोपरापर्यंत गेला आणि बोटांना पुढेही काही लागले नाही.

नव्या पाइपाला व्हॉल्व्ह तळ्याच्या बाजूला बसवला आणि त्याच्याभोवती चारही बाजूंनी वाळूचा गाळणथर घातला. माशांसाठी आता सांडव्याच्या बरीच अलीकडे, तळ्यातच, मोठ्या घेराची जाळी आहे. ती तुंबली तरी तिच्यावरून पाणी जाऊ शकते. पायथ्याशी पाझर मोजायला छोटी खाच बसवली आहे; तिच्यातून जाणाऱ्या पाण्याच्या उंचीवरून पाझर वाढला की घटला ते कळते. मालक दर सोमवारी तिथल्या पाण्याची उंची लिहितात आणि बाटलीचा फोटो मला पाठवतात, मागे पांढरा कागद धरून.